पाणवठ्यावरचे शून्य टक्के

एका जंगलात विद्यापीठ होतं.

हसू नका लेकांनो. जंगलात का असू नये विद्यापीठ? तुमच्या गावात नाही म्हणून? तुमच्या गावात तर एसटी पण धड थांबत नाही. त्या जंगलात होतं. कुंपण होतं, गेट होतं, गेटवर एक म्हातारं अस्वल बसवलेलं होतं. ते आत जाणाऱ्याला ओळखपत्र विचारायचं आणि बघायच्या आधीच झोपून जायचं.

आत बरेच विभाग होते. गाण्याचा विभाग कोकिळेकडे होता, ती वर्षातले दोन महिने कामावर यायची. बांधकामाचा सुगरणीकडे होता. पण सगळ्यात दरारा कशाचा म्हणाल, तर गणित आणि संख्याशास्त्र विभागाचा. तो अर्जुनाच्या मोठ्या झाडाखाली भरायचा. तिथून जाताना माकडंसुद्धा शेपटी खाली घालून जायची, न जाणो कुणी प्रश्न विचारला तर.

गणित शिकवायला गोगलगाय होती. सकाळी ती फळ्याच्या एका टोकाला चढायची, संध्याकाळी दुसऱ्या टोकाला उतरायची. मागं एक चकाकती रेघ राहायची. पोरं ती रेघ वहीत उतरवून घ्यायची. परीक्षेत तीच रेघ काढायची. बाईंना वाटायचं, पोरांना आलेख कळला. पोरांना वाटायचं, आपण पास झालो. दोघंही खूश.

संख्याशास्त्र मात्र साळिंदर सरांकडे होतं. साळिंदर बघितलंय का कुणी? पाठीवर हे एवढे काटे, काळे-पांढरे. सर शिकवता शिकवता मधेच पाठीवरचा एक काटा उपसायचे, त्यानंच लिहायचे, परत खोचून ठेवायचे. या काट्यांमुळे त्यांच्या वाटेला कुणी जायचं नाही. सर पाणवठ्यावर रमतगमत जायचे, रमतगमत यायचे. भीती काय असते ते त्यांना फक्त पुस्तकातून माहीत होतं, आणि ते पुस्तकही त्यांनीच लिहिलेलं होतं.

आता संख्याशास्त्र म्हणजे काय, ते विचारू नका. मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. एक जांभूळ खाल्लं, गोड लागलं, तर ते जांभूळ. शंभर खाल्ली, सत्तर गोड निघाली, तर तो अभ्यास. आणि एकही न खाता सत्तर गोड आहेत असं ठासून सांगितलं, तर समजावं, विभागप्रमुख आले.

तर या विभागात एक चितळाची पोर शिकत होती. नाव कुसुंबी. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. तिच्या कळपातलं याआधी कुणी विद्यापीठाची पायरी चढलं नव्हतं. कुसुंबीच्या रेवा मावशीनं तिला धरून आणलं होतं प्रवेशाला. मावशी मागचा उजवा पाय जरा ओढत चालायची, पण जंगलभर सांगत फिरायची, "आमची कुसुंबी सरासरी शिकते हो." लोक विचारायचे, सरासरी म्हणजे काय? मावशी म्हणायची, "मला काय ठाऊक. पण अवघड असणार. पोर वाळलीय बघा."

आता जरा पाणवठ्याकडे चला. लांब नाही.

उन्हाळ्यात त्या जंगलात एकच पाणवठा उरायचा. सगळ्यांनी तिथंच प्यायला यायचं, बिबट्यानंसुद्धा. बिबट्याचं नाव बिबटराव. तो प्यायला कमी यायचा, खायला जास्त.

पाण्याच्या काठावर एक उंच उंबर होता. त्यावर वानरांची टोळी राहायची, आणि त्या टोळीचे म्हातारे हुप्पेनाना रोज दुपारी शेंड्याच्या फांदीवर बसायचे. बिबट्या गवतातून निघाला की नाना वरून "खॅक, खॅक, खॅक" असं खोकायचे. की खाली सगळं जंगल चारी पायांवर उधळायचं. नानांना हे काम कुणी नेमून दिलेलं नव्हतं. नानांच्या बापानं केलं, त्याच्या बापानं केलं. वरच्यानं बघायचं, खालच्यानं वास घ्यायचा, अशी जुनी रीत होती. चितळांना वास आला तर ती पाय आपटायची आणि वानरं वर सरकायची. फिटंफाट.

बिबटरावांना ही रीत आवडत नव्हती. का, ते तुम्ही सांगा. बरोबर.

त्यांनी वाघ महाराजांकडे अर्ज केला. अर्जात खाण्याबिण्याचं काही नव्हतं. अर्ज असा होता, की पाणवठ्यावर दुपारच्या वेळी विनाकारण आरडाओरडा होतो, त्यानं शांततेचा भंग होतो, लहान पोरं दचकतात, तरी हे बंद व्हावं.

जुने महाराज असते तर त्यांनी अर्ज शेपटीखाली घेऊन झोप काढली असती. पण हे महाराज नव्या विचाराचे. ते म्हणाले, "आपण अंदाजानं काही करायचं नाही. आकडे आणा. विद्यापीठ कशाला काढलंय?"

झालं. विषय आला विभागात. साळिंदर सरांनी तो कुसुंबीला दिला, कारण तिचा प्रकल्प राहिला होता आणि तिचा कळप पाणवठ्याजवळ राहायचा. म्हणजे येण्याजाण्याचा त्रास नको.

"प्रयोग सोपा आहे," सर म्हणाले. "पहिला महिना वानरानं ओरडायचं. दुसरा महिना तोंड बंद. दोन्ही महिन्यांत लोकांना एकच प्रश्न विचारायचा. दोन्हीकडची उत्तरं लावून बघायची. फरक दिसला तर ओरडणं कामाचं. नाही दिसला तर बंद."

"प्रश्न काय विचारू, सर?"

सरांनी पाठीवरचा एक काटा उपसला आणि पळसाच्या पानावर लिहून दिलं: आज पाणवठ्यावर बिबट्यानं आपल्याला खाल्लं का? खाली तीन चौकोन काढले. होय. नाही. सांगता येत नाही.

"प्रश्न कसा पाहिजे," सर म्हणाले, "सरळ. स्पष्ट. गोंधळ नको."

कुसुंबीला काहीतरी टोचलं. पण सरांसमोर सगळ्यांनाच काहीतरी टोचायचं, म्हणून तिनं पान उचललं.

ती उंबराखाली गेली आणि नानांना सगळं सांगितलं.

नाना अंग खाजवत म्हणाले, "म्हणजे दुसऱ्या महिन्यात मला तो दिसला तरी गप बसायचं?"

"प्रयोग आहे, नाना."

"अन् खाली जे पाणी पीत असतील, त्यांना ठाऊक असणार का, की प्रयोग आहे?"

"सर म्हणतात, त्यांना सांगितलं तर निकाल बिघडतो."

"नाही सांगितलं तर काय बिघडतं, ते विचारलंस का?"

कुसुंबी पानावरचे तीन चौकोन परत बघायला लागली. नाना म्हणाले, "तुझा दोष नाही पोरी. तू शिकलेली आहेस."

महाराजांचा हुकूम होता. मोडला तर अख्ख्या टोळीला उंबरावरून उठवलं असतं. नानांनी मान हलवली.

पहिला महिना सुरू झाला. पाणवठ्याच्या अलीकडे जिथं वाट वळते, तिथं कुसुंबी पळसाच्या पानांचा ढीग घेऊन बसली. जाणाऱ्याला पान द्यायचं, येताना भरून घ्यायचं. नऊशे पानं वाटली. आठशे अठ्ठ्याण्णव परत आली. सगळ्यांवर एकच उत्तर: नाही. एका सशानं तेवढं 'सांगता येत नाही'वर खूण केली होती. त्याला बोलावून विचारलं तर म्हणाला, "अजून छाती धडधडतीय. घरी जाऊन बघतो आणि सांगतो." सरांनी त्याला 'नाही'त धरलं.

दुसरा महिना लागला. मे महिना, एकतीस दिवसांचा. नाना फांदीवर बसले, पण पाण्याकडे पाठ करून. दिसलंच नाही तर ओरडावंसं वाटणार नाही. कुणी पाठीमागून हाक मारली तरी वळायचे नाहीत.

त्या महिन्यातही कुसुंबीनं नऊशे पानं वाटली. सतराव्या दिवशी रेवा मावशी आली.

"मला पण दे एक पान," मावशी म्हणाली. "सगळ्यांना देतीस, मावशीला नको होय?"

"मावशी, तुला लिहिता येत नाही."

"खूण तर करता येती. तिसऱ्या घरात करू का? ते रिकामंच दिसतंय, बिचारं."

"मधल्या घरात कर गं."

"बरं. आले मी. जाऊ नको कुठं, पान आणून देते."

मावशीनं पान तोंडात धरलं आणि पाय ओढत वळणाच्या पलीकडे गेली.

कुसुंबी त्या दिवशी ऊन कलेपर्यंत बसून राहिली. मग उठून पाणवठ्यावर गेली. काठावर कुणी नव्हतं. नाना पाठ करून बसले होते. तिनं हाक मारली नाही. नानांनी मागं बघितलं नाही.

महिना संपला. पानं मोजली. नऊशे दिलेली, आठशे एकोणसत्तर आलेली. सगळ्यांवर खूण एकाच घरात. नाही.

साळिंदर सरांनी ढीग बघितला आणि त्यांच्या पाठीवरचे काटे आनंदानं उभे राहिले.

"शून्य टक्के. दोन्ही महिन्यांत शून्य. कुसुंबी, असा स्वच्छ निकाल मी उभ्या आयुष्यात बघितला नव्हता. फरकच नाही. लिहून टाक, ओरडण्याचा काही उपयोग नाही."

"सर, पहिल्या महिन्यात दोन पानं कमी आली. या महिन्यात एकतीस."

"असतात काही लोक. पान घेतात, भरून देत नाहीत. आपल्याकडे आस्थाच नाही कुणाला."

"सर, ती परतच आली नाहीत."

"तेच म्हणतोय मी. पानं परत आली नाहीत."

"पानं नाही सर, माणसं. म्हणजे जनावरं."

सरांनी तिच्याकडे शांतपणे बघितलं. "हे बघ. जे पान हातात आलं ती माहिती. जे आलं नाही ती गैरहजेरी. गैरहजेरीवर शास्त्र उभं करायचं का?"

"त्यात माझी मावशी आहे, सर."

सरांना वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, खरंच वाटलं. ते म्हणाले, "मग मावशीनं तरी सहकार्य करायला हवं होतं. घरच्याच लोकांनी पान भरून दिलं नाही तर बाकीच्यांना काय नाव ठेवणार आपण?"

आणि त्यांनी तिला समजावून सांगितलं. शून्य टक्के लिही, खाली सही कर, पहिला वर्ग देतो. शून्य लिहायचं नसेल तर प्रकल्प नापास. "विचार कर. परवा व्हायवा आहे."

आता तुम्ही विचाराल, व्हायवा म्हणजे काय. लेखी परीक्षेत आपल्याला काय येत नाही ते आपण लपवून ठेवतो. ते तोंडानं कबूल करायला लावतात, त्याला व्हायवा म्हणतात. आणि त्यासाठी बाहेरून एक परीक्षक आणतात. तो परीक्षक विषयातला अनुभवी लागतो. मग अख्ख्या जंगलात पाणवठ्याचा सगळ्यात दांडगा अनुभव कुणाला?

बरोबर. बिबटराव आले.

परीक्षकानं घरून जेवून यावं, असा विद्यापीठाचा जुना नियम होता. बिबटराव नियमानं जेवून आले होते. मिश्या साफ करून सरांच्या शेजारी बसले. समोर जंगलातले यच्चयावत लोक जमले, कारण निकालावर त्यांचं पाणी अवलंबून होतं. शून्य ठरलं की नाना खाली, आणि नाना खाली आले की रोज कुणाच्या तरी घरचं एक कमी. हे सगळ्यांना कळत होतं. ज्यांना बेरीज येत नव्हती त्यांनाही कळत होतं. फक्त ते सांगायचं कसं, हे कुणाला कळत नव्हतं, कारण आकड्यांच्या बाजूला सर बसले होते.

कुसुंबी पुढं आली. मान खाली, आवाज एकदम गरीब.

"निष्कर्ष," ती म्हणाली. "दोन महिन्यांत पाणवठ्यावर बिबट्यानं खाल्लेले, शून्य टक्के."

सरांनी मान डोलावली. पोरगी सुधारली.

"नाना ओरडत होते तेव्हा शून्य. नाना गप्प होते तेव्हापण शून्य."

"उत्तम," सर म्हणाले. "पुढं."

"म्हणजे बघा. भर दुपार. नाना गप्प. जनावरं पाण्यात तोंड घालून उभी. बिबट्याला अडवणारं कुणी नाही. तरी पूर्ण महिन्यात एक शिकार त्याला जमली नाही."

बिबटरावांची शेपटी हलायची थांबली.

"यावरून असं दिसतं," कुसुंबी म्हणाली, "की आपल्याकडच्या बिबट्याला आता होत नाही. वय झालं असेल. दात हलत असतील. याला कुणी हसू नये, हे सगळ्यांच्याच वाट्याला येतं. माझी शिफारस अशी आहे, की महाराजांनी बिबटरावांना विद्यापीठाच्या कँटीनमधून दोन वेळचा वरणभात सुरू करावा. मऊ शिजवून."

मागं सशांनी एकमेकांच्या कानात तोंडं खुपसली. एक रानडुक्कर हसू दाबता दाबता शिंकलं.

बिबटराव उभे राहिले. "कोण म्हणतं शून्य?"

"डेटा म्हणतो, सर."

"कसला डेटा? एकतीस. एकतीस दिवसांचा महिना, एकतीस. एक दिवस खाडा नाही."

"ते तुम्ही म्हणता, सर. पण नऊशेतल्या एकानंही 'होय'वर खूण केलेली नाही."

"करतील कशी? मी केली का त्यांना सवड?"

"मग यादी सांगता का? सांगता येत नसेल तर राहू द्या. या वयात आठवत नाही."

झालं. बिबटरावांनी एक एक नख बाहेर काढलं आणि मोजायला लागले. पहिल्या दिवशी ससा, काळ्या कानाचा. दुसऱ्या दिवशी भेकर. तिसऱ्या दिवशी रानडुकराचं पिल्लू, आई पाण्याच्या पलीकडे होती. प्रत्येक नावाला समोरच्या गर्दीतून कुणीतरी मटकन खाली बसायचं. हसणं कधीच थांबलं होतं. बिबटरावांना ते कळलं नाही. त्यांना वाटलं, लोक थक्क झालेत.

"सतराव्या दिवशी," ते म्हणाले, "चितळीण. वयस्कर. मागचा उजवा पाय ओढायची. तोंडात पळसाचं पान धरलं होतं. शेवटपर्यंत सोडलं नाही. मला वाटलं काही खायचं असेल. चाखून बघितलं, तर कडू."

कुसुंबीनं लिहून घेतलं. दिवस सतरावा. मग अठरावा ऐकेपर्यंत तिनं काही लिहिलं नाही.

यादी एकतिसावर संपली. सगळे साळिंदर सरांकडे बघायला लागले.

सरांनी एक काटा उपसला, तो दातात धरला, विचार केला.

"बिबटराव, आभारी आहे," ते म्हणाले. "पण उत्तर देणारा एकच झाला. एकाच्या सांगण्यावर निष्कर्ष निघत नाही. एक हजार सातशे सदुसष्ट जण 'नाही' म्हणतात. एक जण 'होय' म्हणतो."

"सर," कुसुंबी म्हणाली, "पण खाणारा तोच आहे."

"म्हणूनच. त्याचा त्यात हितसंबंध आहे. अशांचं उत्तर धरत नाहीत. दुसऱ्या सत्रात शिकवलंय मी. शून्य टक्के. सही कर."

"नाही करत, सर."

"मग एटीकेटी."

"बरं, सर."

एटीकेटी म्हणजे काय ते तुमच्या मोठ्या भावाला विचारा. त्याला चांगलं माहीत असेल.

सरांनी अहवाल स्वतःच लिहिला. महाराजांनी न वाचता खाली पंजा उठवला. सोमवारी अस्वलानं गेटवर हुकूम चिकटवला: "अभ्यास व संशोधनाची कामे वगळून, पाणवठ्यावरील झाडांवर बसून ओरडण्यास सक्त मनाई आहे." त्या दिवशी जंगलात कुणी पाणी प्यायला गेलं नाही. मंगळवारी पण गेलं नाही. पण मे महिन्यानंतरचं ते ऊन, किती दिवस दम धरणार? चितळांची पोरं जिभा बाहेर टाकून पडली होती.

मंगळवारी दुपारी नाना उंबराच्या बुंध्याशी येऊन बसले होते. जन्मात पहिल्यांदा जमिनीवर. त्यांना खाली बसताच येत नव्हतं नीट.

कुसुंबी गेटवरून आली. दोन वेळा हुकूम वाचून आली होती.

"नाना," ती म्हणाली, "तुम्ही पीएचडी करता का?"

नानांनी तिच्याकडे बघितलं. "उन्हात फिरू नको पोरी."

"हुकमात लिहिलंय. संशोधन वगळून. तुम्ही नाव नोंदवा. विषय लिहू, पाणवठ्यावर बिबट्या येण्याच्या वेळांचा अभ्यास."

"मला लिहायला येत नाही."

"अर्ज मी लिहिते."

"वाचायला पण येत नाही."

"ते कुणी विचारत नाही, नाना."

"अन् तुझा तो काटेरी मास्तर मला घेईल?"

कुसुंबी म्हणाली, "त्यांच्याकडं पीएचडीला किती विद्यार्थी आहेत, माहीत आहे का? शून्य. पुढच्या महिन्यात वरून मूल्यांकन समिती येणार आहे. हे शून्य मात्र सरांना झोपू देत नाही."

दोघं गेले. सरांनी नानांना खालून वर बघितलं.

"संशोधनाची पद्धत काय?"

नाना म्हणाले, "फांदीवर बसायचं. तो दिसला की नोंद करायची."

"नोंद कशी करणार? लेखी?"

"तोंडी."

"तोंडी नोंद ठेवायची तर ऐकणारे पाहिजेत."

"ऐकतात की," नाना म्हणाले. "पुष्कळ ऐकतात. ऐकून लगेच कामाला लागतात."

"नोंद तपासता कशी येईल?"

"खाली ही पोरगी बसेल. धूळ उडाली की समजायचं, नोंद बरोबर."

सरांनी डोळे मिटले. त्यांच्या विद्यापीठात आजवर कुणाच्या संशोधनाचा कुणावर इतक्या ताबडतोब परिणाम झालेला नव्हता. त्यांनी अर्जावर सही केली. गाईड, डॉ. साळिंदर.

बुधवारी जनावरं बिचकत बिचकत पाण्यावर आली. नाना शेंड्यावर, तोंड पाण्याकडे. बिबटराव गवतातून एक पाऊल टाकतात न टाकतात, तोच वरून नोंद झाली. खॅक, खॅक, खॅक. एवढी धूळ उडाली की कुसुंबीला तपासायची गरजच पडली नाही.

बिबटराव तणतणत महाराजांकडे गेले. महाराजांनी सरांना बोलावलं.

"हे ओरडणं परत सुरू झालंय म्हणतात."

"ओरडणं नाही महाराज," सर दुखावल्या आवाजात म्हणाले. "ती माहिती गोळा करणं आहे. आमच्या विभागाला त्यामुळे वरची श्रेणी मिळणार आहे."

"किती दिवस चालणार?"

"महाराज, घाई करून चालत नाही. डेटा अजून अपुरा आहे."

वर्ष गेलं. दोन गेली. दर सहा महिन्यांनी नाना सरांना भेटायचे. सर विचारायचे, "काम चालू आहे?" नाना म्हणायचे, "चालू आहे." सर लिहायचे, प्रगती समाधानकारक. चार वर्षं झाली, मुदतवाढ मिळाली. सहा झाली, परत मिळाली. कुसुंबीची एटीकेटी दर वर्षी राहायची, कारण सर दर वर्षी शून्य मागायचे आणि ती दर वर्षी एकतीस लिहायची. दोघांनाही आता त्याची सवय झाली होती. कळपात मात्र पोरं वाढत होती. आता तिथं एवढी पोरं होती की त्यांची सरासरी काढायला परत कुणाला तरी शिकवायला लागणार होतं.

बिबटराव वाळले. लांब ओढ्यापलीकडे उंदीर-घुशी धरून खायला लागले. नवव्या वर्षी एका दुपारी ते लपतछपत न येता सरळ उंबराखाली येऊन बसले. वरून नोंद झाली, जंगल पळालं, बिबटराव बसूनच राहिले.

"नाना," ते वर बघून म्हणाले, "एक विचारू का? राग मानू नका."

"विचारा की."

"तुमची ती पीएचडी. कधी संपायची?"

नाना फांदीवर जरा सरकून बसले, पाय खाली सोडले.

"काय सांगू बिबटराव. आमचे गाईड म्हणतात, अजून थोडा डेटा लागेल. तुम्ही येत जा."

तात्पर्य: बाळांनो, अभ्यास मन लावून करा, पण चुकूनसुद्धा पुरा करू नका. जो अभ्यास दोन महिन्यांत वेळेवर पुरा झाला, त्यानं एकतीस जण गिळले. जो नऊ वर्षं रखडला, त्याच्यावर आख्खं जंगल पाणी पितंय. तेव्हा तुमच्या आळीतल्या एखाद्या दादाची, ताईची पीएचडी संपत नसेल, तर तिला नावं ठेवू नका. आणि कुणी फार काळजीनं विचारायला लागलं, की "अगं, कधी संपणार तुझं?", तर उत्तर द्यायच्या आधी त्याला हळूच म्हणा, काका, जरा दात दाखवता का?